तेलात चालणारा टायमिंग बेल्ट बदलताना: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बेल्ट नवा, किट चांगल्या कंपनीचे, टायमिंगही (क्रँक आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ) बरोबर. तरी काही महिन्यांत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो, व्हीव्हीटीचे (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचे) कोड येतात किंवा ब्रेकचे पेडल कडक होते. अशी इंजिने पुन्हा उघडली की बहुतेकदा एकच कारण सापडते. बेल्ट बदललेला असतो, पण जुन्या बेल्टचे झडलेले रबर तेलाच्या जाळीत तसेच अडकून राहिलेले असते.

कोरड्या बेल्टची सवय असलेला माणूस हे काम त्याच पद्धतीने करायला जातो आणि फसतो. तेलातल्या बेल्टच्या कामाचे दोन भाग आहेत: बेल्ट बदलणे आणि तेलाची वाट साफ करणे. वेळ नाही म्हणून दुसरा भाग सोडायचा असेल, तर पहिलाही हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढचे वाचण्याआधी एक अट. ज्याने आधी एखाद्या इंजिनाचे टायमिंग लॉक करून बेल्ट किंवा चेन बदलली आहे, त्यानेच हे काम घ्यावे. ही इंजिने चुकीला माफ करत नाहीत. टायमिंग पुरेसे हुकले की पिस्टन व्हॉल्व्हला लागतो आणि हेड उतरवावे लागते. टॉर्कचे आकडे, पिनांच्या जागा आणि कोन तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. इथे क्रम आणि त्यामागची कारणे आहेत.

## आधी खात्री: तुमच्या इंजिनात नेमके काय आहे?

फोर्डचे सुरुवातीचे १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचे १.२ प्युअरटेक ही तेलातल्या बेल्टची सर्वांत परिचित उदाहरणे. दोन्ही तीन सिलिंडरची. पण नुसत्या नावावर जाऊ नका. १.० इकोबूस्टच्या पुढच्या आवृत्तीत कॅमशाफ्टसाठी चेन आली, ऑइल पंपाचा बेल्ट मात्र तेलातच राहिला. प्युअरटेकच्या नव्या हायब्रिड आवृत्तीतही टायमिंगला चेन आहे. म्हणून किट मागवताना मॉडेलचे वर्ष सांगून थांबू नका, चासी नंबर आणि इंजिन कोड द्या.

पहिल्या इकोबूस्टमध्ये तर दोन बेल्ट आहेत: एक कॅमशाफ्टसाठी, दुसरा खाली ऑइल पंपासाठी. वरचा बदलून खालचा जुना ठेवणे ही अगदी नेहमीची चूक आहे. दोन्ही त्याच तेलात, तितकीच वर्षे भिजलेले असतात. खालचा तुटला तर तेलाचा दाब क्षणात शून्यावर येतो आणि इंजिन बंद करेपर्यंत बेअरिंग गेलेले असते.

मुदतीचा आकडाही नीट पाहा. पहिल्या इकोबूस्टसाठी १० वर्षे किंवा २,४०,००० किलोमीटर अशी मुदत दिली होती, तर प्युअरटेकची मूळ मुदत कंपनीने नंतर कमी केली. गाडीसोबत आलेल्या जुन्या पुस्तिकेपेक्षा आजचे सर्व्हिस वेळापत्रक ग्राह्य धरा. छोट्या फेऱ्या जास्त असतील, तर त्या मुदतीचीही वाट पाहू नका.

## टप्पा १: बेल्ट आणि तेलाची पाहणी

ही पाहणी सामान मागवण्याआधी करा, कारण तिच्यावरूनच कामाचा आवाका ठरतो.

ज्या इंजिनांत ऑइल भरण्याच्या तोंडातून बेल्ट दिसतो, तिथे टॉर्च लावून बघा आणि इंजिन पान्याने हळूहळू फिरवत बेल्टची पूर्ण लांबी नजरेखालून घाला. पाठीवर आडव्या भेगा, कडेला सुटलेले धागे, दातांच्या मुळाशी चिरा किंवा फुगलेला रबर दिसला तर बेल्ट गेला. प्युअरटेकसाठी बेल्टची रुंदी मोजायचे खास गेज मिळते. पेट्रोल मिसळलेल्या तेलात बेल्ट फुगून रुंद होतो, तो गेजमध्ये बसत नाही.

मग डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर बेल्ट कशाने खराब झाला ते कळलेच. इंजिन पुरते गरम होण्याआधीच बंद होत राहिले की न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, आणि तेच रबराला खाते.

आता सर्वांत बोलका पुरावा. जुना फिल्टर कापून उघडा. धातूच्या डब्याचा असेल तर फिल्टर कटरने, कागदी कार्ट्रिज असेल तर साध्या धारदार सुरीने. घड्या उलगडून पांढऱ्या कागदावर पसरा. काळे, बोटाने दाबले की लवणारे कण आणि केसासारखे बारीक धागे दिसले तर तो बेल्ट आहे. चुरचुरीत, नखाखाली फुटणारे काळे तुकडे असतील तर तो जळलेल्या तेलाचा कार्बन. चमकणारे कण दिसले तर थांबा. ते बेअरिंगचे असू शकतात आणि मग बेल्टवर पैसे घालण्याआधी इंजिनाची अवस्था तपासायला हवी.

तपासणी: स्कॅनर लावून आधीचे कोड लिहून ठेवा. पी००११ किंवा पी००१४ आले असतील तर व्हीव्हीटीच्या सोलेनॉइडपर्यंत (तेलाची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हपर्यंत) कचरा गेला असण्याची दाट शक्यता. पी००१६ किंवा पी००१७ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. तो असेल तर गाडी पुन्हा सुरूच करू नका.

## टप्पा २: सामान आणि हत्यारे

नुसता बेल्ट मागवू नका. यादी अशी धरा: टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताठ ठेवणारा भाग), असल्यास आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली), ऑइल पंपाचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, क्रँक पुलीचा नवा बोल्ट, क्रँकचे पुढचे ऑइल सील, ऑइल पिकअपची (तळातले तेल ओढणाऱ्या नळीची) ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, कंपनीने सांगितलेला सीलंट, दोन ऑइल फिल्टर आणि दोन वेळा पुरेल इतके तेल. दुसरा फिल्टर आणि जादा तेल कशासाठी, ते शेवटच्या टप्प्यात येईल. मॅन्युअलमध्ये जे जे बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून दिले आहेत, ते सगळे नवे घ्या.

तेलाच्या बाबतीत नुसती जाडी जुळणे पुरेसे नाही. ५डब्ल्यू-२० लिहिलेले कोणतेही तेल चालेल हा समज या बेल्टच्या मुळावर येतो. रबराला कोणती रसायने सोसतात हे कंपनीच्या मंजुरी क्रमांकावरून ठरते. पहिल्या इकोबूस्टला डब्ल्यूएसएस-एम२सी९४८-बी या मंजुरीचे ५डब्ल्यू-२० तेल लागते. प्युअरटेकच्या अनेक आवृत्त्यांना बी७१ २३१२ मंजुरीचे ०डब्ल्यू-३० चालते. तुमच्या गाडीचा क्रमांक पुस्तिकेत बघा आणि तोच क्रमांक डब्याच्या मागे छापलेला आहे का ते वाचा. "च्या दर्जाचे" असा मजकूर आणि प्रत्यक्ष मंजुरी यांत फरक आहे.

हत्यारांत त्या इंजिनासाठीचा टायमिंग लॉकिंग सेट, क्रँक पुली धरण्याचे हत्यार, मोठा टॉर्क रेंच, कोन मोजायची चकती, वरून इंजिन टांगायचा सपोर्ट बार, प्लॅस्टिकचे खरवडणे आणि दाब मोजायचा यांत्रिक ऑइल प्रेशर गेज हवा. काही इंजिनांत पुलीचा बोल्ट शेकडो न्यूटन-मीटर आणि वर कोनाने कसलेला असतो. साध्या पान्याला पाइप लावून तो काढण्याच्या नादात लॉकिंग पिन वाकते.

इशारा: काम सुरू करण्याआधी इंजिन फ्लश घालू नका. बाजारात मिळणारे फ्लश कार्बन विरघळवण्यासाठी असतात. ते आधीच मऊ झालेल्या बेल्टचे आणखी तुकडे पाडतात आणि ते तुकडे पंपाकडेच जातात.

## टप्पा ३: तेल काढणे आणि इंजिन टांगणे

तेल कोमट असताना काढा म्हणजे तळाचा गाळ सोबत येतो. मात्र टायमिंगचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सुरू करायचे. आदल्या संध्याकाळी तेल उतरवून रात्रभर तसेच ठेवले तर दोन्ही साधते. तेल स्वच्छ भांड्यात घ्या आणि शेवटी भांडे तिरपे करून तळाशी काय उरते ते बघा.

बॅटरी सोडवण्याआधी पार्किंग ब्रेक लावा. तो इलेक्ट्रिक असेल तर नंतर लागणार नाही. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, चाकाला अडण लावा, उजवे चाक आणि आतले प्लॅस्टिक कव्हर काढा. बहुतेक छोट्या गाड्यांत टायमिंगची बाजू त्या चाकाकडे असते.

आता महत्त्वाचा निर्णय. पुढचे माउंटिंग काढायचे म्हणजे इंजिनाला आधार हवा. सवयीने संपखाली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली) लाकूड आणि जॅक लावला जातो. इथे तसे केले तर संप उतरवताच येणार नाही, आणि मग जाळी साफ करायचे राहून जाते. म्हणून सुरुवातीपासूनच सपोर्ट बारने इंजिन वरून टांगा. हुक धातूच्या लिफ्टिंग आयला (इंजिन उचलण्यासाठी दिलेल्या कडीला) लावा, पाइपला किंवा प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला लावू नका. वजन बारवर आले की मगच माउंटिंगचे बोल्ट सैल करा.

इशारा: इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे असेल तर हाय-प्रेशर पंपाची किंवा रेलची नळी दाब उतरवल्याशिवाय उघडू नका. अनेक इंजिनांत ती नळी एकदाच वापरायची असते.

## टप्पा ४: टायमिंग लॉक करणे

सगळे स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल आणि अडथळा आला तर तो हाताला कळेल. क्रँक फक्त चालण्याच्या दिशेने फिरवा. बहुतेक इंजिनांत पुलीकडून पाहता ती घड्याळाच्या काट्याची दिशा असते. खूण ओलांडून पुढे गेलात तर उलटे फिरवून मागे येऊ नका. उलट्या फिरण्याने ताण टेन्शनरच्या बाजूला जातो, दुसऱ्या बाजूला ढिलेपणा येतो आणि दात सुटू शकतो. चालण्याच्या दिशेनेच पुन्हा पूर्ण फेरी घ्या.

लॉकिंग पिनची जागा पिस्टन अगदी वर असतानाच येते असे नाही. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून अंदाज बांधू नका. मॅन्युअलने दाखवलेल्या भोकातच पिन गेली पाहिजे. ती हाताने, जोर न लावता, पूर्ण आत जायला हवी. अर्धी गेली आणि अडली तर ती भलत्याच भोकात आहे. काही इंजिनांत क्रँकची पिन म्हणजे नुसता थांबा असतो. क्रँक तिला टेकेपर्यंत हळू आणायचा असतो, ती क्रँकला धरून ठेवत नाही.

कॅमशाफ्टच्या टोकाला कॅम लॉक बसवण्याआधी व्हीव्हीटीचे फेजर (कॅमशाफ्टचा कोन बदलणारे गिअर) त्यांच्या मूळ जागी लॉक झालेत ना ते पाहा. फेजर हाताने दोन्ही बाजूंना हलवून बघा. खटकन आवाज होऊन खेळ दिसत असेल तर तो लॉक झालेला नाही. अशा वेळी पिना सगळ्या बसतात, टायमिंग मात्र चुकीचे राहते. गाडी सुरू होते, मग पी००१६ येतो आणि दोष बेल्टच्या किटला दिला जातो.

रंगाने किंवा व्हाइटनरने खुणा करायला हरकत नाही. त्या जोडीला ठेवा, भिस्त पिनांवर असू द्या. जुना बेल्ट ताणला गेला असेल तर खुणाही त्याच चुकीच्या जागेची नक्कल करतात.

## टप्पा ५: क्रँक पुली काढणे

सर्वांत जास्त हत्यारे आणि इंजिने इथेच मोडतात, म्हणून घाई करू नका.

लॉकिंग पिना जागा दाखवण्यासाठी असतात, जोर सोसण्यासाठी नसतात. बोल्ट सैल करताना पुलीला तिच्या खास हत्याराने वेगळे धरा. त्या हत्याराचे हात जमिनीला किंवा चासीच्या पक्क्या भागाला टेकवा, म्हणजे मुख्य जोर पिनांवर येत नाही. एकाने पुली धरायची, दुसऱ्याने बोल्ट सोडवायचा, हे सर्वांत बरे. इम्पॅक्ट गनचे धक्के पिनेपर्यंत पोचतात, ती लावू नका.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. काही इंजिनांत, पहिले इकोबूस्ट त्यांतलेच, क्रँकवरच्या गिअरला चावी (गिअरला शाफ्टवर फिरण्यापासून अडवणारी धातूची खीळ) नसते. गिअर आणि पुली केवळ बोल्टच्या दाबाने क्रँकला घट्ट बसलेले असतात. बोल्ट सैल झाला की गिअर क्रँकवर मोकळा फिरू शकतो. त्यानंतर क्रँक जरा जरी हलला, तरी गिअरवरची कोणतीही खूण विश्वासाची राहत नाही. बोल्ट काढल्यापासून नवा पूर्ण कसेपर्यंत क्रँकला हात लावायचा नाही.

तपासणी: बोल्ट निघाल्यावर क्रँकची आणि कॅमची पिन पुन्हा हाताने हलवून बघा. दोन्ही मोकळ्या सरकल्या पाहिजेत. एखादी दाबली गेली असेल तर क्रँक हललाय. आत्ताच सुधारा.

## टप्पा ६: कव्हर आणि जुना बेल्ट

टायमिंग कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

सगळे बोल्ट काढूनही कव्हर सुटत नसेल तर एखादा बोल्ट माउंटिंगच्या ब्रॅकेटमागे किंवा खाली संपाच्या कडेला राहिलेला असतो. स्क्रूड्रायव्हर खुपसून कव्हर उचकटू नका. सीलिंगच्या पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुढे तेल गाळतो. कव्हरवर उचकटण्यासाठी दिलेल्या खाचाच वापरा.

टेन्शनर दाबून त्यात पिन घाला, बेल्ट काढा आणि फेकून देऊ नका. तो वाकवून दातांची मुळे बघा, कडा तपासा. किती दात झिजलेत, किती धागे गायब आहेत, त्यावरून आत किती कचरा सुटला असेल याचा अंदाज येतो. अर्धा दात तुटलेला असेल तर तो तुकडा कुठेतरी सापडलाच पाहिजे.

## टप्पा ७: संप, जाळी आणि तेलाच्या वाटा

माझ्या दृष्टीने या कामाचा खरा गाभा हाच टप्पा आहे, आणि सोडला जातोही हाच.

तेलाचा प्रवास ध्यानात घ्या. संपातून तेल आधी पिकअपच्या जाळीतून पंपाकडे जाते, पंपातून फिल्टरकडे आणि मग बेअरिंग, कॅम, फेजर, टर्बो यांच्याकडे. म्हणजे फिल्टर कितीही चांगला असला तरी जाळी त्याच्या आधी लागते. बेल्टचे तुकडे पहिल्यांदा तिथेच अडतात. नवा फिल्टर घालून जाळी साफ होत नाही, तेल बदलूनही होत नाही.

१. संपाचे सगळे बोल्ट काढा आणि संप सरळ खाली घ्या. तो उलटा करू नका. तळाशी जे असेल ते जसेच्या तसे दिसू द्या.

२. पिकअप पाइप काढून जाळी उजेडासमोर धरा. पूर्ण साफ जाळीतून प्रत्येक भोकातून उजेड येतो. चोंदलेल्या जाळीवर काळा, केसाळ थर सपाट बसलेला असतो. बाहेरून तो तेलाचाच रंग वाटतो, नखाने खरवडला की सोलून निघतो.

३. जाळी पिकअपमध्ये कायमची बंद केलेली असेल आणि दोन्ही बाजूंनी ब्रश पोचत नसेल, तर पिकअपच नवा घ्या. हवेच्या झोताने धागे आतल्या बाजूला ढकलले जातात आणि तिथून ते थेट पंपात जातात.

४. पिकअपची ओ-रिंग नवीच लावा, तेलाचे बोट फिरवून बसवा. तिला चीर असेल तर पंप तेलासोबत हवा ओढतो. मग जाळी साफ असूनही दाब कमी दाखवतो आणि शोधायला फार वेळ जातो.

५. ऑइल पंपाचा बेल्ट याच वेळी त्याच्या टेन्शनरसह बदला.

६. व्हीव्हीटीचे सोलेनॉइड काढून त्यांच्यावरची बारीक जाळी भिंगाखाली बघा. फाटलेली असेल तर सोलेनॉइड नवा.

७. कॅमशाफ्टवर चालणारा व्हॅक्यूम पंप असेल तर त्याच्या तेलाच्या वाटेतली जाळी साफ करा. ब्रेकला मिळणारी मदत या पंपाकडून येते. प्युअरटेकमध्ये ही जाळी चोंदून ब्रेक कडक झाल्याची उदाहरणे परिचित आहेत, त्यामुळे हा थेट जिवाशी जोडलेला मुद्दा आहे. त्याला बगल देऊ नका.

८. टर्बोला जाणाऱ्या तेलाच्या नळीत जाळी किंवा गाळणीचा बोल्ट असेल तर तोही काढून बघा.

संप बाहेर धुवा, पूर्ण सुकवा. ब्लॉकच्या आत मात्र ब्रेक क्लीनर फवारू नका. तो बेअरिंगवरचे तेल धुऊन काढतो आणि उरलेला अंश नव्या बेल्टला लागतो. आतले भाग धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. साध्या चिंध्यांचे दोरेही जाळीत अडकतात.

इशारा: फिल्टर कचऱ्याने भरला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले तेल पुढे जाते. कापलेल्या फिल्टरच्या घड्या पूर्ण भरलेल्या असतील, तर वरच्या सगळ्या जाळ्या तपासल्याशिवाय इंजिन पुन्हा जोडू नका.

## टप्पा ८: नवा बेल्ट बसवणे

हात धुवा. नव्या बेल्टला स्वच्छ इंजिन ऑइल लागले तर बिघडत नाही. सीलंट, क्लीनर, गंज सोडवायचा स्प्रे किंवा कूलंट लागता कामा नये. बेल्ट घडी घालून, पिरगाळून किंवा उलटा वळवून ठेवू नका, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. बेल्टवर बाण असेल तर तो चालण्याच्या दिशेने ठेवा.

नवा टेन्शनर पिनेसह बसवा. बेल्ट क्रँकपासून सुरू करा. ज्या बाजूने क्रँक बेल्टला ओढतो ती बाजू आधी ताठ बसवा, मग कॅमचे गिअर, आणि सगळा ढिलेपणा शेवटी टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. ताठ बाजूला अर्ध्या दाताचा झोल राहिला तर टेन्शनर सुटताच कॅम मागे खेचला जाईल.

बेल्ट गिअरवर बसत नसेल तर स्क्रूड्रायव्हरने रेटू नका. काही इंजिनांत कॅमचे गिअर थोडे सैल ठेवून बेल्ट बसवायचा आणि टेन्शन आल्यावर ते कसायचे, अशी पद्धत असते. तुमच्या इंजिनाची पद्धत मॅन्युअलमध्ये बघा. कॅमचे बोल्ट कसताना कॅमशाफ्टला वेगळ्या हत्याराने धरा, कॅम लॉकवर जोर देऊ नका.

टेन्शनरची पिन हळू ओढा.

## टप्पा ९: हाताने फेरे आणि पुन्हा पिना

ही पायरी "दिसतंय बरोबर" म्हणून सोडली जाते. सोडू नका.

सगळ्या पिना काढा. सगळ्या म्हणजे मोजून सगळ्या. क्रँक पान्याने चालण्याच्या दिशेने किमान दोन पूर्ण फेरे फिरवा, मॅन्युअल जास्त सांगत असेल तर तितके. प्लग काढलेले असल्याने हाताला एकसारखा, मऊ विरोध जाणवला पाहिजे. कुठेही टणक अडले तर तिथेच थांबा. जोर लावून पुढे गेलात तर व्हॉल्व्ह वाकेल. नंतर पिना पुन्हा घाला. सर्व सहज गेल्या तरच टायमिंग बरोबर. एक जरी अडली तरी पिन आणि टेन्शनर लॉक करून पुन्हा सुरुवात.

क्रँक गिअरला चावी नसलेल्या इंजिनात बोल्ट कसल्याशिवाय हे फेरे घेता येत नाहीत. तिथे कव्हर, पुली आणि बोल्ट यांचा क्रम मॅन्युअल ठरवेल. कोनाने कसायचा नवा बोल्ट एकदाच कसता येतो, म्हणून तो कसण्याआधी पिना दोनदा तपासा.

## टप्पा १०: सीलंट आणि कव्हर

जुना सीलंट प्लॅस्टिकच्या खरवडण्याने काढा. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वापरल्या तर त्यांची भुकटी संपात उतरते आणि तिथून तेलाबरोबर बेअरिंगमध्ये.

सीलंटची रेघ मॅन्युअलमध्ये दिलेल्या जाडीची, सलग आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने घाला. जास्त घातला की दाबला जाऊन आत लोंबतो, सुकतो, तुटतो आणि थेट जाळीवर जाऊन बसतो. ज्या जाळीसाठी एवढी मेहनत घेतली तीच पुन्हा बंद होते. ब्लॉक, कव्हर आणि संप जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यांत थोडा ठिपका जास्त द्या, गळती तिथूनच सुरू होते.

कव्हर सरळ बसवा, घासत सरकवू नका. बोल्ट ठरलेल्या क्रमाने कसा. क्रँकचे नवे सील त्याच्या हत्याराने समतल बसवा. मग पुली, नवा बोल्ट, आधी टॉर्क, नंतर कोन. कोन अंदाजाने देऊ नका, चकती लावा. माउंटिंग बसवल्यावरच सपोर्ट बार सैल करा.

तपासणी: सीलंटच्या नळीवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण होऊ द्या. त्याआधी तेल भरू नका.

## टप्पा ११: तेल, दाब आणि पहिला स्टार्ट

नवा फिल्टर, मंजुरीचे तेल, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत. बॅटरी जोडा, पण लगेच स्टार्ट करू नका.

ऑइल प्रेशर स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावा. इंधन बंद करून इंजिन स्टार्टरवर फिरवा, एका वेळी काही सेकंद आणि मध्ये विश्रांती. इथे एक बारकावा आहे. नुसते कॉइलचे कनेक्टर काढले तर ठिणगी बंद होते, इंजेक्टर मात्र पेट्रोल टाकत राहतात आणि ते नव्या तेलात उतरते. म्हणून इंजेक्टरचा पुरवठाच तोडा. गेजची सुई उठली की प्लग आणि इंधन जोडून इंजिन सुरू करा.

सुरू झाल्यावर ॲक्सिलरेटरला हात लावू नका. आवाज ऐका. पहिल्या काही सेकंदांचा टॅपेटचा आवाज दाब आल्यावर थांबायला हवा. घरघर किंवा कव्हरला काही घासल्यासारखे वाटले तर लगेच बंद करा.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलला आणि मॅन्युअलने दिलेल्या आरपीएमवर दाब नोंदवा. थंड तेलाचा दाब सगळ्यांचाच चांगला दिसतो, दोष गरम आयडलला उघडा पडतो. आकडा किमान मर्यादेखाली असेल तर गाडी बाहेर काढू नका. पिकअपची ओ-रिंग आधी तपासा.

मग कोड पुसा, क्रँक सेन्सरचे ॲडॅप्टेशन लागत असेल तर करा, लाइव्ह डेटात कॅमचा मागितलेला आणि प्रत्यक्ष कोन जुळतो का बघा. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाचदा दाबा, पेडलवर पाय ठेवून पुन्हा स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही तर व्हॅक्यूमची बाजू पुन्हा उघडा.

## टप्पा १२: पहिले हजार किलोमीटर

कितीही साफ केले तरी तेलाच्या बारीक वाटांत थोडे कण उरतात आणि गरम तेलाने सुटून येतात. म्हणून १,००० ते १,५०० किलोमीटरवर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला. हा खर्च जास्तीचा वाटतो, पण बेअरिंगच्या किमतीपुढे तो काहीच नाही. काढलेला फिल्टर कापून बघा. एखाद-दुसरा धागा चालतो. पुन्हा भरपूर रबर निघाले तर संप पुन्हा उतरवा आणि जाळी बघा.

पुढे तेल बदलण्याची मुदत पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा लवकर धरा. छोट्या फेऱ्या जास्त असतील तर निम्म्यावर आणा. कोणतेही ॲडिटिव्ह घालू नका. महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पातळी बघा आणि वास घ्या. पातळी कमी होणे लोकांना कळते, वाढणे दुर्लक्षित राहते. पातळी वर सरकलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटर न मोजता तेल बदला आणि इंधन तेलात का उतरते आहे ते शोधा: गळका इंजेक्टर, इंजिन गरमच होऊ न देणारा बिघडलेला थर्मोस्टॅट किंवा झिजलेल्या रिंगा.